कालपर्यंत तर ठीक होती!

१. तक्रार आणि जबानी

घरच्या घरी मोटारसायकलचे ऑईल बदलणाऱ्या, एअर फिल्टर झटकून पुसणाऱ्या आणि प्लग घासून पुन्हा जागेवर बसवणाऱ्या गृहस्थाला, हात धुऊन गाडीला किक मारल्यानंतर जो प्रश्न पडतो, तो पुण्यात पडो की पणजीत, जवळजवळ एकाच शब्दांत विचारला जातो: ‘कालपर्यंत तर ठीक होती, मी नुसते ऑईल बदलले, मग इंजिनाला झाले काय?’ कोणाची गाडी सिग्नलला उभी असता आपोआप रेस होऊ लागते, कोणाची चढावर मिसिंग मारते, कोणाच्या सायलेन्सरमधून मूठ सोडताच फटफट आवाज निघतात, तर कोणाला इतकेच जाणवते की गाडी नेहमीसारखी वाटत नाही. या सर्व तक्रारींत समान असलेली गोष्ट अशी, की देखभालीपूर्वी त्या नव्हत्या आणि देखभालीनंतर त्या आहेत. आणि हीच गोष्ट शोध घेणाऱ्याच्या हाती असलेला सर्वांत मोलाचा पुरावा होय.

दाखल्यासाठी मी जी गाडी डोळ्यांपुढे ठेवली आहे ती १९९४ साली आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरच्या जातीची, शंभर ते दीडशे सी.सी.ची, एकाच सिलिंडरची, वाऱ्याने थंड होणारी फोर-स्ट्रोक मोटारसायकल आहे. कारण आपल्याकडे अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाना घेऊन बसलेल्या माणसासमोर बहुधा हीच उभी असते. बुलेटस्वारांनी आकडे आपापल्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावेत. तर्क तोच राहील.

‘नुसते ऑईल बदलले’ ही जबानी मात्र जशीच्या तशी मान्य करता येत नाही. तपशिलात शिरून विचारले म्हणजे कळते, की ऑईल बदलण्यापूर्वी गाडी पाइपने धुतली होती. बाजूचे पॅनेल काढलेच आहे तर फिल्टरही पाहून घ्यावा म्हणून डब्याचे झाकण उघडले होते. प्लगची टोपी ओढून पाहिली होती. पेट्रोलचा कॉक बंद केला होता. आणि शेवटी, हात काळे झालेच आहेत म्हणून, चेन थोडी ताणून घेतली होती. मालकाच्या लेखी ही कामेच नव्हेत. इंजिनाच्या लेखी मात्र यांतील प्रत्येक कामाला परिणाम आहे. म्हणून पहिली तजवीज अशी, की पाना उचलण्याआधी कागद घ्यावा आणि ज्या ज्या वस्तूला हात लागला तिची नोंद, क्षुल्लक वाटली तरी, क्रमाने करावी.

२. प्रत्येक बदल हा बिघाड नव्हे

नवे ऑईल घातल्यावर आवाजात थोडा फरक पडणे स्वाभाविक आहे. ऑईलच्या बाटलीवर १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० असे जे लिहिलेले असते, त्यातील ‘डब्ल्यू’बरोबरचा अंक थंडीतील वर्तन सांगतो आणि दुसरा अंक इंजिन तापल्यावर ते ऑईल किती दाट राहते ते सांगतो. ज्या गाडीत आजवर २०डब्ल्यू-४० होते तिच्यात १०डब्ल्यू-३० घातले, तर टॅपेटची टिकटिक किंचित स्पष्ट ऐकू येणे शक्य आहे. उलट गिअर अधिक हलके पडतील. ऑईल ओतताना सायलेन्सरच्या वाकड्या नळीवर सांडलेले थेंब पहिली दहा-पंधरा मिनिटे धूर आणि करपट वास देतात, तो धूर नळीच्या पृष्ठभागावरून उठतो. सायलेन्सरच्या तोंडातून निघणाऱ्या धुराशी त्याची गल्लत करू नये. धुळीने भरलेला फिल्टर साफ केल्यावर इंजिनाचा श्वास मोकळा होतो आणि पूर्वी त्या धुळीच्या हिशेबाने जुळवलेला स्लो-स्पीड आता थोडा चढा वाटतो, हेही अपेक्षितच.

याशिवाय आणखी एक कारण आहे, जे यंत्रात नसून यंत्राच्या मालकात असते. वर्षभर ज्या आवाजाकडे त्याने लक्ष दिले नाही, तो आवाज स्वतःच्या हाताने काम केल्यानंतर तो कान देऊन ऐकतो, आणि टॅपेटची जी टिकटिक गेल्या दिवाळीपासून होती ती त्याला आजच सापडते. अशा वेळी शहानिशा करण्याचा एक सोपा उपाय म्हणजे काम सुरू करण्यापूर्वीच, इंजिन गरम असताना, मोबाइलवर अर्धा मिनिट आवाज नोंदवून ठेवणे. मी हा उपाय अनेकांना सुचवला आहे आणि फारच थोड्यांनी तो केला आहे.

३. चौकशी उलट्या क्रमाने

कागदावरील यादी आता खालून वर वाचावयाची: जे काम शेवटी केले ते आधी तपासावयाचे. यामागे युक्ती अशी, की शेवटचे काम घाईत, उजेड कमी झाल्यावर आणि सर्व काही झाले या समाधानात होते, आणि शिवाय ते पुन्हा उघडून पाहण्यास वरचे काहीच काढावे लागत नाही. दुसरे बंधन याहून कडक पाळावे: एका वेळी एकच बदल करावा आणि गाडी चालवून पाहावी. प्लग बदलला, स्क्रू फिरवला आणि फिल्टरही पुन्हा बसवला, आणि गाडी सुधारली, तर दोषी कोण होते हे कायमचे गुलदस्त्यात राहते. आणि गाडी अधिक बिघडली, तर आता एकाऐवजी तीन संशयित उभे राहतात.

मुळातच सुरू न होणाऱ्या गाडीच्या बाबतीत यादीलाही हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. हँडलवरील इंजिन बंद करण्याचे लाल बटण फडक्याने पुसताना दाबले गेले आहे काय. साइड स्टँडला स्विच असलेल्या गाडीत तो स्टँड पुरता वर गेला आहे काय. आणि पेट्रोलचा कॉक बंदच राहिला आहे काय. गॅरेजपर्यंत ढकलत नेलेल्या कित्येक गाड्या मेकॅनिकच्या केवळ अंगठ्याने सुरू झाल्या आहेत, आणि त्या प्रसंगी मालकाच्या चेहऱ्याकडे न पाहण्याचे सौजन्य सर्वच मेकॅनिक दाखवतात असे नाही.

कॉक बंद राहिलेली गाडी मात्र फसवी असते. कार्बोरेटरच्या वाटीत जेवढे पेट्रोल शिल्लक असेल त्यावर ती सुरू होते, थोडे अंतर सुरळीत चालते आणि मग आचके देत थांबते. त्यामुळे मालकाचा संशय नेमका नव्या ऑईलवर जातो.

४. नऊ हजार लिटर हवा

देखभालीनंतरच्या तक्रारींचा सर्वांत मोठा वाटा हवेच्या वाटेवर उत्पन्न होतो, आणि तो का, हे समजण्यास एक छोटेसे गणित पुरते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन अदमासे ७४० ग्रॅम, त्याला १४.७ ने गुणले असता जवळजवळ अकरा किलो हवा होते; आणि एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर, हवेचे वजन सुमारे १.२ किलो असल्यामुळे ही अकरा किलो हवा नऊ हजार लिटर जागा व्यापते. अर्थात टाकीतील प्रत्येक लिटर पेट्रोलमागे इंजिन नऊ हजार लिटर हवा त्या लहानशा फिल्टरमधून ओढून घेते. जी यंत्रणा हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण इतक्या काटेकोरपणे सांभाळते, तिच्या मार्गात आपण दुपारी फडके आणि पेचकस घेऊन ढवळाढवळ केलेली असते.

हे प्रमाण बिघडले म्हणजे काय होते, हे ज्यांच्या घरी पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह होता त्यांना वेगळे सांगावयास नको. हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी राहते आणि स्टोव्ह एका सुरात घोंघावतो. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होऊन भांड्याचे बूड काजळीने भरते. इंजिनातील ज्योत आपल्याला दिसत नाही, परंतु तिची साक्ष प्लगच्या टोकावर उमटते. वीस-पंचवीस किलोमीटर नेहमीच्या वेगाने गाडी चालवून, इंजिन निवल्यावर प्लग काढून पाहावा: टोक बिस्किटाच्या रंगाचे असेल तर प्रमाण ठीक; कोरड्या काळ्या काजळीने माखलेले असेल तर हवा कमी आणि पेट्रोल जास्त; आणि खडूसारखे पांढरे असेल तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी.

हवा कमी पडण्याची घरगुती कारणे मोजकी आहेत. फोमचा फिल्टर धुऊन त्याला ऑईल लावण्याची पद्धत ज्या गाड्यांत आहे, त्यांत ते ऑईल लावून फोम घट्ट पिळून काढावयाचा असतो, ही पायरी वगळली गेली की तोच फोम श्वास कोंडतो. कागदी फिल्टर पाण्याने धुवावयाचाच नसतो. तो धुतला आणि ओला बसवला, तर सायलेन्सरमधून काळा धूर आणि पेट्रोलचा उग्र वास येतो. चोक ओढलेला राहिला तरी हीच लक्षणे दिसतात, आणि त्याचा इलाज एका बोटाचा असतो.

हवा जास्त होण्याची कारणे अधिक आडवळणाची, आणि म्हणून अधिक सामान्य. फिल्टरच्या डब्याचे झाकण खाचेत नीट बसले नाही. डबा आणि कार्बोरेटर यांना जोडणारा रबरी नळा एका बाजूने निसटला. कार्बोरेटर काढून बसवताना त्याच्या आणि इंजिनाच्या मधली रबरी कडी चिमटली किंवा जागेवर ठेवायचीच राहिली: या प्रत्येक ठिकाणाहून इंजिन हिशेबाबाहेरची हवा चोरून घेते. यांत कार्बोरेटरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला झालेली गळती सर्वांत उपद्रवी, कारण तेथून शिरलेल्या हवेला पेट्रोल भेटतच नाही. लक्षणे अशी, की उभी गाडी रेस होते किंवा तिचा वेग झोके घेतो, मूठ सोडली तरी इंजिन सावकाश उतरते, उतारावर सायलेन्सर फटके मारतो, आणि इंजिन नेहमीपेक्षा अधिक तापते. निर्णायक परीक्षा फुकटची आहे: इंजिन गरम असताना चोक अर्धा ओढून पाहावा. गाडी त्याने गुदमरली तर प्रमाण मुळात ठीक होते. उलट ती सुधारली, तर तिला पेट्रोल कमी पडत होते, म्हणजे हवा कोठून तरी जास्त शिरते आहे. मग इंजिन चालू ठेवून संशयित सांध्यावर साबणाच्या पाण्याचे चार थेंब सोडावेत. तेवढ्यापुरता आवाज बदलला की गळतीचा पत्ता लागला. काही लोक याच कामासाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर असे करणाऱ्याला कार्बोरेटरपेक्षा अग्निशामक दलाची गरज आधी लागेल.

येथे एका सर्वत्र रूढ असलेल्या चुकीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. गाडी रेस होते असे दिसताच मालक कार्बोरेटरवरील स्लो-स्पीडचा स्क्रू सैल करतो, रेस उतरते, आणि प्रकरण मिटले असे तो मानतो. स्क्रू आपोआप फिरत नाही. कालपर्यंत तो जेथे होता तेथे गाडी बरोबर चालत होती, त्याअर्थी बदल दुसरीकडे झाला आहे, आणि स्क्रू फिरवून आपण फक्त तक्रारदाराचे तोंड बंद केले आहे. दोन दिवसांनी सकाळी गाडी थंड असताना उभीच राहत नाही, ती यामुळेच. स्क्रूला हात लावण्यापूर्वी आणखी एक परीक्षा अवश्य करावी. इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावे. वळवताना आवाज चढला, तर एक्सिलरेटरची केबल कोठे तरी ताणली किंवा अडकली आहे, बहुधा टाकी उचलून परत ठेवताना तिच्याखाली दबली आहे. मुठीत दोन ते सहा मिलिमीटर मोकळी फिरकी असावी लागते. हा दोष रेस होण्यापुरता मर्यादित नाही. वळणावर मूठ न पिळताच गाडी पुढे झेपावते, म्हणून तो दूर होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊच नये.

कार्बोरेटर ज्यांनी उघडला त्यांच्यासाठी थोडक्यात दोन गोष्टी. जेटच्या छिद्रात तार घातली तर छिद्र रुंदावते आणि पेट्रोलचे प्रमाण कायमचे बदलते. तेथे फुंकर किंवा हवेचा झोत एवढेच वापरावे. आणि वाटीतील तरंगत्या फ्लोटच्या सुईखाली कचऱ्याचा कण अडकला, तर पेट्रोल नळीतून जमिनीवर टपकते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, इंजिनात उतरून ऑईलमध्ये मिसळते. दुसऱ्या दिवशी ऑईलची पातळी वाढलेली आढळली आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू करू नये. पातळ झालेले ते ऑईल वंगणाच्या कामाचे राहिलेले नसते.

५. ऑईल: किती आणि कोणते

पुस्तिकेत ऑईलचे दोन आकडे छापलेले असतात: एक इंजिन पूर्ण खोलून जुळवल्यानंतर घालावयाचा आणि दुसरा नुसते ऑईल बदलताना घालावयाचा. शंभर सी.सी.च्या अनेक गाड्यांत पहिला आकडा एक लिटर आणि दुसरा ९०० मिलिलिटर असतो, म्हणूनच ९०० मिलिलिटरची बाटली बाजारात मिळते. फरकाचे ते शंभर मिलिलिटर जुने ऑईल कानाकोपऱ्यांत शिल्लक राहिलेले असते. मालक मोठा आकडा वाचतो, किंवा ‘थोडे जास्त असलेले बरे’ या गृहस्थी न्यायाने बाटलीबाहेरचे आणखी थोडे ओततो. इंजिनाच्या पोटात हवेला जागा उरली नाही, की फिरता क्रँक आणि गिअर ऑईल घुसळू लागतात, गाडी जड ओढते, आणि जादा ऑईल श्वासनळीतून फिल्टरच्या डब्यात येऊन तेथून सिलिंडरमध्ये जळते. तो निळसर धूर पाहून ‘रिंग गेल्या’ असा निकाल देण्यापूर्वी फिल्टरच्या डब्यात ऑईल साचले आहे काय, ते पाहावे.

पातळी मोजण्यातही फसगत होते. होंडा घराण्याच्या गाड्यांत ऑईलची पट्टी पुसून छिद्रात नुसती टेकवावयाची असते, आटे फिरवून घट्ट करावयाची नसते. आटे फिरवून मोजणाऱ्याला पातळी असते त्याहून जास्त दिसते आणि तो कमी ऑईलवर समाधानी राहतो. इतर कंपन्यांचा रिवाज याहून वेगळा असू शकतो. गाडी सपाट जमिनीवर मधल्या स्टँडवर असावी, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, आणि तितकाच वेळ थांबून पट्टी पाहावी; नवा फिल्टर टाकला असेल तर तो भरल्यानंतर पातळी थोडी उतरते, म्हणून ही फेरतपासणी टाळू नये.

‘कोणते’ हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. मोटारगाडीत क्लच कोरडा आणि इंजिनाबाहेर असतो. आपल्या मोटारसायकलच्या क्लच प्लेटा मात्र इंजिनाच्याच ऑईलात बुडालेल्या असतात. आता क्लचचे सारे काम घर्षणावर चालते आणि मोटारीच्या अनेक आधुनिक ऑईलांत, इंधन वाचावे म्हणून, घर्षण कमी करणारी द्रव्ये मुद्दाम मिसळलेली असतात. चांगले महागडे ऑईल म्हणून मोटारीचा डबा मोटारसायकलमध्ये रिता करणारा इसम आपल्या क्लचला निसरड्या फरशीवर उभा करतो. यासाठीच जपानी वाहनउद्योगाने ‘जासो’ मानक ठरवले: डब्यावर ‘एमए’ किंवा ‘एमए२’ असेल तर ते ओल्या क्लचसाठी योग्य, ‘एमबी’ असेल तर नाही, गिअर नसलेल्या स्कूटरना ते चालते.

क्लच घसरतो की इंजिनच अशक्त झाले, हे ओळखण्याची रीत अशी. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या वेगाने जात असता मूठ एकदम पिळावी. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मागे राहिला, तर ताकद उत्पन्न होते आहे परंतु चाकापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे क्लच घसरतो आहे. आवाज आणि वेग दोन्ही सुस्तपणे चढले, तर दोष इंजिनाच्या श्वासात, ठिणगीत किंवा टॅपेटमध्ये शोधावा. क्लच घसरतो असे ठरले तरी ऑईल ओतून देण्याची घाई करू नये; क्लचच्या दांडीच्या टोकाला दहा ते वीस मिलिमीटर मोकळी चाल आहे काय, ते आधी पाहावे. केबल जास्त ताणली गेली असेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि उत्तम ऑईलातही घसरतो.

६. प्लग

प्लगसंबंधी तक्रारी बहुधा मिसिंगच्या रूपाने येतात आणि बहुधा टोपी पुरती न दाबल्यामुळे होतात. बजाजच्या २००३ नंतरच्या डीटीएस-आय पल्सरमध्ये एकाच सिलिंडरला दोन प्लग आहेत. त्यांतील आतल्या बाजूच्या प्लगची टोपी सैल राहिली तर गाडी बंद पडत नाही, दुसऱ्या प्लगवर ती निमूटपणे चालत राहते, फक्त पिकअप आणि ॲव्हरेज घटते, आणि मालक महिनाभर पेट्रोलपंपावर संशय घेत राहतो.

नवा प्लग घेताना आट्यांचे माप जुळले म्हणजे झाले असे नव्हे. प्लगवरील क्रमांकात तो किती उष्णता धरून ठेवतो ते सांगितलेले असते, आणि येथे एक गंमत आहे: एनजीकेच्या प्लगवर अंक जितका मोठा तितका प्लग ‘थंड’, आणि बॉशच्या प्लगवर अंक जितका मोठा तितका तो ‘गरम’. एका कंपनीचा सात दुसऱ्या कंपनीच्या साताला पर्याय होत नाही. दुकानदाराकडील तुलनेचा तक्ताच पाहावा लागतो. फट फिलर गेजने मोजावी, स्प्लेंडरच्या प्लगची ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. प्लग प्रथम हातानेच शेवटपर्यंत फिरवावा आणि मग नवा असल्यास पान्याने सुमारे अर्धा फेरा द्यावा. हेड ॲल्युमिनियमचे आहे; तिरक्या शिरलेल्या प्लगने मऊ आटे कापले, तर दीडशे रुपयांच्या कामाचा खर्च हजारांत जातो.

७. टॅपेट, आणि शांततेचा धोका

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक आणि त्याला दाबणारी रॉकरची भुजा यांच्यामध्ये मुद्दाम ठेवलेली फट. ती मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच असते, आणि तिचे प्रयोजन असे, की तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. फट नसेल तर तो लांबलेला व्हॉल्व्ह भुजेवर टेकून उघडाच राहील. फट जास्त झाली तर टिकटिक वाढते. फट कमी झाली तर आवाज उलट कमी होतो, आणि नवशिक्या मालक ‘गाडी किती शांत झाली’ म्हणून स्वतःवर खूश होतो. परंतु ज्या व्हॉल्व्हला पुरते मिटता येत नाही त्याला आपली उष्णता बैठकीला देता येत नाही; एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह तर जळत्या वायूच्या झोतातच असतो, आणि काही दिवसांत त्याची कडा जळू लागते. तोवर गाडी तापल्यावर बंद पडणे, लवकर सुरू न होणे, किक हलकी लागणे अशा खुणा दिसतात. टॅपेट केल्यानंतर आवाज वाढला तर फार बिघडत नाही. अगदीच नाहीसा झाला तर त्याच दिवशी पुन्हा मोजावे.

या कामातील खरी मेख पिस्टनच्या जागेत आहे. फोर-स्ट्रोक इंजिनाचे एक आवर्तन क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरे होते, आणि त्या दोन फेऱ्यांत पिस्टन दोनदा वरच्या टोकाला येतो: एकदा मिश्रण दाबून, जेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, आणि एकदा जळालेला वायू बाहेर ढकलून, जेव्हा एक मिटत असतो आणि दुसरा उघडू लागलेला असतो. मॅग्नेटच्या चाकावरील ‘टी’ ही खूण दोन्ही वेळा खाचेसमोर येते. ती स्वतः कोणता प्रसंग आहे हे सांगत नाही. दुसऱ्या प्रसंगी टॅपेट केले तर सगळीच मोजणी व्यर्थ. उपाय सोपा: खूण जुळली की दोन्ही रॉकर बोटांनी हलवून पाहावेत, दोन्ही किंचित खुळखुळले तर जागा बरोबर, नाही तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवावा. शेजारीच ‘एफ’ ही खूण असते, ती ठिणगीची. तिच्यावर थांबणारेही कमी नाहीत. मोजून झाल्यावर वरचा नट आवळताना आतला स्क्रू त्याच्याबरोबर थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर गेज पुन्हा घालून पाहावे. आणि हे सारे इंजिन थंड असताना. होंडाच्या पुस्तिका ३५ अंशांखाली म्हणतात, तेव्हा वैशाखात नागपूरकरांनी हे काम सूर्योदयापूर्वी उरकणेच श्रेयस्कर.

८. इंजिन निरपराध असेल तर

गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडले, या कैफियतीत पुष्कळदा इंजिनाचे नाव नाहक गोवलेले असते. चेनला मधोमध सुमारे दोन ते तीन सेंटिमीटर झोल असावा लागतो आणि चेन सर्वत्र सारखी झिजलेली नसते. सैल जागी मोजून ताणलेली चेन चाक अर्धे फिरताच तारेसारखी आवळते. मागचे चाक हलवल्यानंतर ब्रेकची दांडी जास्त घट्ट होते. मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, मागचे चाक हाताने फिरवावे. ते एका-दोन फेऱ्यांतच थबकले, किंवा ब्रेक फारसा न वापरता दोन किलोमीटर जाऊन आल्यावर ड्रम हाताला गरम लागला, तर कार्बोरेटरला सन्मानाने मोकळे करावे.

९. सेन्सरच्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाल्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नाही. हवेचा दाब, तापमान आणि सायलेन्सरमध्ये उरलेला प्राणवायू मोजून एक छोटा संगणक पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. हवा चोरून शिरली तर हा संगणक आपल्या परीने पेट्रोल वाढवून दोष काही काळ झाकतो, म्हणून तक्रार उशिरा येते. येथे पहिला संशय सेन्सरच्या प्लास्टिकच्या जोडण्यांवर घ्यावा: टाकी किंवा पॅनेल काढताना ओढली गेलेली आणि परत बसवताना ‘टक्’ असा आवाज न झालेली जोडणी, किंवा धुताना पाणी गेलेली जोडणी. मीटरवरील इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला तर गाडी तो दोष स्वतःच नोंदवून ठेवते आणि सर्व्हिस सेंटरचे यंत्र तो वाचू शकते. बॅटरी काढून जोडल्यावर काही गाड्यांचा स्लो-स्पीड थोडा वेळ डळमळतो आणि काही किलोमीटरांत स्थिरावतो. तेवढ्यासाठी धावपळ नको.

१०. इंजिन केव्हा सुरू करू नये

खोलातून, लोखंडावर हातोडी पडावी तसा ठोका येऊ लागला, ऑईलच्या दाबाचा दिवा असलेल्या गाडीत तो इंजिन चालू असतानाही विझला नाही, किंवा गाडीखाली ऑईलचे थारोळे दिसले, तर त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि कारण सापडेपर्यंत सुरू करून ‘पाहू’ नये. ऑईल बदलल्यानंतर लगेच असे घडले तर खालच्या नटाचा वायसर, ऑईल फिल्टरची दिशा आणि त्याची रबरी कडी या तिघांची तपासणी प्रथम करावी. काही गाड्यांत फिल्टर उलटा बसू शकतो आणि मग ऑईल वरपर्यंत पोहोचत नाही.

अशी गाडी गॅरेजात ढकलतच न्यावी आणि कागदावरची यादी मेकॅनिकच्या हाती द्यावी; ‘मी काही केले नाही’ या वाक्याने त्याचा अर्धा तास आणि आपले तितके पैसे वाया जातात. काढलेले जुने ऑईलही बाटलीत भरून सोबत न्यावे. ते उन्हात धरले असता त्यात धातूची चकाकती पूड दिसते की नाही, यावरून जाणता मेकॅनिक इंजिन खोलावयाचे की नाही याचा अंदाज बांधतो. आणि गटारात किंवा मातीत ओतण्यास ते अयोग्य असल्यामुळे, त्याची विल्हेवाटही तेथेच लागते.